‘श्वास’ : आजारी मुलाचे कुटुंब आणि सत्य सांगण्याचा प्रश्न

१. प्रस्तावना

मराठी चित्रपटाच्या इतिहासात २००४ हे वर्ष ‘श्वास’ या चित्रपटामुळे महत्त्वाचे ठरले. संदीप सावंत यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटाला एकावन्नाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा सन्मान प्राप्त झाला. १९५४ साली आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले होते. त्यानंतर तब्बल पन्नास वर्षांनी हा मान पुन्हा मराठीकडे आला. अश्विन चितळे या बालकलाकाराच्या अभिनयालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ऑस्करच्या परभाषिक चित्रपटांच्या विभागासाठी भारतातर्फे ‘श्वास’ची निवड झाली.

या यशाचा एक परिणाम असा झाला की, चित्रपटाविषयीची चर्चा मुख्यतः मराठी चित्रपटसृष्टीच्या पुनरुज्जीवनाभोवती फिरत राहिली. आशयाविषयी जे लिहिले गेले ते बहुतांशी ‘आजोबा आणि नातवाच्या नात्याची हृदयस्पर्शी कहाणी’ या एका वाक्यात सामावण्याजोगे होते. हे वर्णन चुकीचे नाही. परंतु अपुरे आहे. नात्यातील जिव्हाळा हा या चित्रपटाचा विषय नसून गृहीतक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आजोबांचे नातवावर प्रेम आहे की नाही, अशी शंका चित्रपटात कोणालाच पडत नाही. चित्रपट विचारतो तो प्रश्न निराळा आहे. मुलाला गंभीर आजार झाला असता त्याच्याविषयीचे सत्य कुटुंबात कोणी जाणावे, कोणी सांगावे आणि त्या मुलाच्या वतीने निर्णय कोणी घ्यावा, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाच्या अनुषंगाने ‘श्वास’चे पुनर्वाचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. सत्यकथनाचा प्रश्न हा चित्रपट विलक्षण प्रामाणिकपणे मांडतो. मात्र तो मांडताना आजारी मुलाच्या कुटुंबाचा फार मोठा भाग चौकटीबाहेर ठेवतो. त्याचे बलस्थान आणि त्याची मर्यादा एकाच निवडीतून निर्माण झाली आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२. कथानकाचा गाभा

कोकणातील एका गावातून परशुराम नावाच्या शाळकरी मुलाला त्याचे आजोबा (अरुण नलावडे) डोळ्यांच्या तक्रारीसाठी शहरातील रुग्णालयात घेऊन येतात. सोबत दिवाकर हा नातलग आहे. तपासण्यांनंतर डॉ. मिलिंद साने (संदीप कुलकर्णी) यांचे निदान निश्चित होते. मुलाला दृष्टिपटलाचा कर्करोग झालेला आहे. त्याचे प्राण वाचवावयाचे तर शस्त्रक्रिया करून दोन्ही डोळे काढावे लागतील. आसावरी (अमृता सुभाष) ही वैद्यकीय समाजसेविका या कुटुंबाच्या मदतीला येते. शस्त्रक्रियेपूर्वी मुलाला काय होणार आहे याची कल्पना दिली पाहिजे, असा डॉक्टरांचा आग्रह आहे. ठरलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते. त्यानंतर आजोबा आणि नातू दोघेही रुग्णालयातून नाहीसे होतात आणि एकच धावपळ उडते. आजोबा नातवाला शहर दाखवायला घेऊन गेले होते, हे नंतर उघड होते. डॉक्टर संतापतात. शस्त्रक्रिया होते आणि अखेरीस काळा चष्मा घातलेला परशुराम होडीतून आपल्या गावी परततो.

घटना एवढ्याच. खलनायक नाही, योगायोगांची साखळी नाही, चमत्कार नाही. निदान चुकीचे ठरत नाही आणि ऐनवेळी दुसरा उपायही सापडत नाही. आजाराच्या कथांमध्ये ‘वाचेल की नाही’ हे कुतूहल सामान्यतः प्रेक्षकाला धरून ठेवते. येथे ते कुतूहल बऱ्याच आधी संपते. शस्त्रक्रिया केली तर मूल वाचण्याची आशा आहे, हे कळलेले असते. त्याची किंमत काय, हेही कळलेले असते. त्यामुळे प्रेक्षकाचे लक्ष आजाराच्या परिणामावरून आजाराने माणसांमाणसांत काय घडते याकडे वळते. कथारचनेतील हा निर्णय महत्त्वाचा आहे.

३. रोगाचे स्वरूप आणि निर्णयाची कोंडी

चित्रपटातील कोंडी समजून घेण्यासाठी या रोगाची थोडी माहिती आवश्यक आहे. दृष्टिपटलाचा हा कर्करोग, ज्याला वैद्यकात रेटिनोब्लास्टोमा म्हणतात, प्रामुख्याने लहान मुलांना होतो. बहुसंख्य रुग्णांत तो वयाच्या पाचव्या वर्षाच्या आत दिसून येतो. बाहुलीत पांढरट चमक दिसणे किंवा डोळा तिरळा होणे ही त्याची नेहमीची लक्षणे होत. सुमारे एक तृतीयांश रुग्णांत तो दोन्ही डोळ्यांत असतो. वेळीच निदान झाल्यास रसायनोपचार, लेसर आदी उपायांनी आज अनेकदा डोळा आणि काही प्रमाणात दृष्टीही वाचविता येते. निदानास उशीर झाला आणि रोग डोळ्याबाहेर पसरण्याचा धोका निर्माण झाला, तर मात्र डोळा काढणे हाच प्राण वाचविण्याचा मार्ग उरतो.

या माहितीच्या प्रकाशात परशुरामाचे शाळकरी वय अर्थपूर्ण ठरते. हा रोग एरवी ज्या वयात ओळखला जातो ते वय त्याने ओलांडलेले आहे. गाव आणि तज्ज्ञ डॉक्टर यांच्यामधील अंतर केवळ प्रवासाच्या तासांत मोजावयाचे नसते. रोग किती वाढलेला असताना रुग्ण दारात येतो, यावरूनही ते मोजावे लागते. चित्रपटात होडी, वाट आणि गावची हिरवाई यांच्या प्रतिमा वारंवार येतात. त्यांचे सौंदर्य समीक्षकांनी वाखाणले आहे. परंतु ज्या दूरत्वामुळे तो परिसर इतका अस्पर्श वाटतो, तेच दूरत्व उशिरा होणाऱ्या निदानाचेही कारण असू शकते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या प्रतिमांना दुसरा अर्थ प्राप्त होतो.

दुसरी बाब अशी की, जीव आणि दृष्टी यांच्यामधील ही निवड वरवर पाहता निवडच नव्हे. कोणताही विवेकी पालक जीवच निवडील. तरीही आजोबा अडखळतात. डॉक्टरांच्या दृष्टीने निर्णय स्पष्ट आहे, कारण त्यांच्यापुढे रोग आहे. आजोबांपुढे मात्र मूल आहे, आणि मुलाला वाचविण्यासाठी त्याचे डोळे काढण्यास आपण संमती द्यावयाची आहे. हानी रोगाने केली असती तर ते दैव ठरले असते. आता ती आपल्या अंगठ्याने किंवा सहीने होणार. संमतीपत्र हे रुग्णालयाच्या दृष्टीने एक कागद असतो. कुटुंबाच्या दृष्टीने तो जबाबदारी दैवाकडून माणसाकडे हस्तांतरित करणारा दस्तऐवज ठरतो. आजोबांच्या अडखळण्याला अज्ञान म्हणणे म्हणूनच अन्यायाचे होईल.

४. कोण जाणतो, कोण बोलतो

गंभीर आजारामुळे कुटुंबात सर्वप्रथम ज्ञानाची विषम वाटणी होते. काहींना सर्व ठाऊक असते, काहींना थोडे, आणि ज्याच्याविषयी ते सर्व आहे त्याला बहुधा काहीच सांगितलेले नसते. बार्नी ग्लेझर आणि अँसेल्म स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अवेअरनेस ऑफ डाइंग’ या ग्रंथात रुग्णालयातील अशा जाणिवेच्या अवस्थांचे विश्लेषण केले. सर्वांना माहीत असूनही सर्वांनी माहीत नसल्याचे नाटक करणे, या परस्परांच्या बतावणीचाही त्यांत समावेश होता. पुढे मायरा ब्लूबाँड-लँग्नर या मानववंशशास्त्रज्ञ स्त्रीने रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या तीन ते नऊ वर्षांच्या मुलांचा अभ्यास करून १९७८ साली ‘द प्रायव्हेट वर्ल्ड्स ऑफ डाइंग चिल्ड्रन’ हे पुस्तक लिहिले. कोणीही न सांगता या मुलांना आपल्या आजाराचे गांभीर्य टप्प्याटप्प्याने कळत जाते आणि तरीही मोठ्यांना दुखवू नये म्हणून ती काही न कळल्यासारखी वागतात, असे त्यांना आढळले. म्हणजे मोठी माणसे मुलाचे रक्षण करीत असतात आणि त्याच वेळी मूल मोठ्यांचे रक्षण करीत असते.

‘श्वास’मधील डॉक्टरांचा आग्रह या बतावणीला छेद देणारा आहे. तो कायद्याहून पुढे जाणारा आहे, हेही नोंदविले पाहिजे. चित्रपट आला त्या वेळी लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८९ नुसार बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी सद्भावनेने केलेल्या कृत्यास त्याच्या पालकाची किंवा कायदेशीर ताबा असणाऱ्या व्यक्तीची संमती पुरेशी होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कलम २७ मध्ये हीच तरतूद आहे. अर्थात लहान मुलाला कायद्याने दिलेला असा स्वतंत्र आवाज येथे नाही. बालहक्कांच्या ज्या आंतरराष्ट्रीय संहितेला भारताने १९९२ साली मान्यता दिली तिच्या बाराव्या अनुच्छेदात मात्र, मुलाशी संबंधित बाबींत त्याच्या वयानुरूप त्याचे मत विचारात घ्यावे, असे म्हटले आहे. या दोन भूमिकांमधील रिकाम्या जागेत ‘श्वास’चे नाट्य घडते. झोपेत नेऊन डोळे काढले आणि जागे झाल्यावर अंधार दिसला, तर ते मूल पुन्हा कोणावर विश्वास ठेवील, हा डॉक्टरांच्या आग्रहामागील खरा प्रश्न आहे.

परंतु सत्य सांगितले पाहिजे हे मान्य केले तरी ते सांगावे कोणी? डॉक्टरांकडे माहिती आहे, पण वेळ नाही आणि नातेही नाही. आजोबांकडे नाते आहे, पण शब्द नाहीत. म्हणून आसावरीचे पात्र येते. वैद्यकीय समाजकार्य हा आपल्याकडे तुलनेने अलीकडचा व्यवसाय आहे, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली अशा पदावर पहिली नेमणूक झाली. मराठी चित्रपटाने या व्यवसायाला इतके मध्यवर्ती स्थान देण्याचे उदाहरण विरळा म्हणावे लागेल. आसावरी डॉक्टरांची भाषा कुटुंबाला आणि कुटुंबाची घालमेल डॉक्टरांना समजावून सांगते. तिला सर्व काही जमते असे मात्र चित्रपट दाखवीत नाही. तिची तळमळ कधी कधी व्यावसायिक मर्यादा ओलांडते, आणि मुलाची अस्वस्थता, त्याचा हट्ट, त्याचा राग यांपुढे तीही हतबल होते. आजारी मुलाशी बोलण्याचे कोणतेही तयार सूत्र नसते, ही गोष्ट या प्रसंगांतून न सांगता स्पष्ट होते.

येथे आजोबांच्या स्थानाचाही विचार केला पाहिजे. गावात ते कुटुंबप्रमुख आहेत. त्यांचा शब्द अखेरचा मानला जात असणार. रुग्णालयात त्यांना कोणत्या खिडकीपाशी उभे राहावे हेही विचारावे लागते. दिवाकरवर धावपळीचा भार पडतो आणि आसावरीवर बोलण्याचा. ज्याच्या अधिकारावर घर चालत होते तो माणूस ओळीत उभा राहतो, हा मुलाच्या आजाराचा कुटुंबावरील एक न दिसणारा परिणाम आहे. अरुण नलावडे यांच्या अभिनयाचे मोठेपण असे की, ही पदच्युती ते तक्रारीच्या सुरात न मांडता केवळ देहबोलीतून व्यक्त करतात.

५. सांगणे आणि दाखविणे

चित्रपटाचा उत्कर्षबिंदू म्हणजे आजोबा आणि नातू यांचे रुग्णालयातून निघून जाणे. या प्रसंगाकडे सामान्यतः वात्सल्याचा उत्कट आविष्कार म्हणून पाहिले जाते. वर मांडलेल्या सत्यकथनाच्या प्रश्नाशी तो जोडला असता त्याचा वेगळा अर्थ हाती येतो.

‘तू आता आंधळा होणार’ हे वाक्य आजोबांना उच्चारता येत नाही. पण त्यांना ते टाळताही येत नाही. म्हणून ते तेच सत्य दुसऱ्या रीतीने पोचवितात. जे यापुढे दिसणार नाही ते ते मुलाला एक दिवस मनसोक्त पाहू देतात. पाहणे लवकरच थांबणार असल्याची जाणीव या पाहण्यातच सामावलेली आहे. ज्याची दृष्टी जाणार आहे त्याला शब्दांनी सांगण्याऐवजी दाखवून सांगणे, ही आजोबांनी शोधलेली भाषा होय. या अर्थाने त्यांचे पळून जाणे हे डॉक्टरांच्या आग्रहाचे उल्लंघन नसून त्या आग्रहाची त्यांच्या परीने केलेली पूर्तताच आहे.

याच प्रसंगात आणखी एक गोष्ट घडते. रुग्णालयात दाखल झाल्यापासून परशुराम हा ‘रुग्ण’ झालेला असतो. त्याचा दिवस तपासण्या, खाटा आणि वेळापत्रकात विभागला गेलेला असतो. आजोबा त्याला बाहेर नेतात तेव्हा काही तासांपुरता तो पुन्हा मूल होतो. कुटुंब रुग्णालयाकडून आपले मूल परत मागून घेते, असे याचे वर्णन करता येईल.

तथापि डॉक्टरांचा संताप चुकीचा ठरविण्याचा मोह चित्रपट टाळतो. रुग्णालयाची शस्त्रक्रियेची तयारी, इतर रुग्णांची गैरसोय आणि मुलाच्या जिवाची जबाबदारी या बाबी खऱ्या आहेत. कर्करोगात विलंबालाही किंमत असते. आजोबा आणि डॉक्टर या दोघांचेही म्हणणे योग्य आहे आणि तरीही ते परस्परांशी जुळत नाही. त्यांच्यातील संवादाचा शेवट कोणाच्या विजयात होत नाही, तर परस्परांची अडचण उमगण्यात होतो. मराठी भावनाप्रधान चित्रपटांच्या परंपरेत शहर विरुद्ध गाव, शास्त्र विरुद्ध माया अशी सोपी विभागणी अनेकदा आढळते. ‘श्वास’ त्या विभागणीच्या काठापर्यंत येतो आणि मागे फिरतो, हे त्याचे श्रेय आहे.

६. चौकटीबाहेरचे कुटुंब

आता मर्यादेचा विचार करू. सत्यकथनाचा प्रश्न इतक्या तीव्रतेने मांडता यावा यासाठी चित्रपटाने कुटुंबाचा संकोच केला आहे. आजारी मूल आणि एक वृद्ध पुरुष यांच्यापुरतेच ते कुटुंब उरते. मुलाची आई गावाकडे आहे. ती प्रामुख्याने मागे राहिलेल्या जगाचा भाग म्हणून येते. निदान ऐकण्याची, संमती देण्याची, मुलाला समजाविण्याची कोणतीच कृती तिच्या वाट्याला येत नाही.

वास्तवात कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या बालरोग विभागात मुलाच्या उशाशी बहुधा आईच बसलेली दिसते. औषधांच्या वेळा, खाण्याचा हट्ट, रात्रीचे जागरण हे सर्व तिच्याकडे असते. या रोगाच्या बाबतीत तर आणखी एक ओझे तिच्यावर पडण्याचा संभव असतो. दोन्ही डोळ्यांत होणारा हा रोग जनुकातील बदलाशी निगडित असतो. बहुतेक वेळा आई-वडिलांपैकी कोणालाही तो झालेला नसतो. तो बदल मुलात नव्यानेच घडून आलेला असतो. शास्त्र एवढे स्पष्ट असले तरी ‘हे कोणाकडून आले?’ हा प्रश्न घरात विचारला जातो आणि आपल्या समाजात त्याचे बोट बहुधा सुनेकडे वळते. रुग्णाच्या भावंडांचे डोळे तपासून घेणे आवश्यक असते, म्हणजे भीती एका मुलापुरती मर्यादित राहत नाही. पुढे त्या मुलाच्या विवाहाचा आणि अपत्याचा प्रश्नही उभा राहतो. या संपूर्ण प्रदेशावर चित्रपटाचा भर नाही.

भावंडांचा मुद्दा स्वतंत्रपणे महत्त्वाचा आहे. वर उल्लेखिलेल्या ब्लूबाँड-लँग्नर यांनीच १९९६ साली ‘इन द शॅडो ऑफ इलनेस’ या पुस्तकात दीर्घकालीन आजाराने ग्रस्त मुलांच्या घरांतील निरोगी भावंडांचा विचार केला. शीर्षकातील छाया हा शब्द सूचक आहे. आजारी मुलाकडे घराचे लक्ष वळते तेव्हा निरोगी मुलाने शहाणे, समंजस आणि कमी मागणारे व्हावे, अशी अपेक्षा न बोलता निर्माण होते. त्याला मत्सर वाटतो आणि मत्सर वाटल्याबद्दल अपराधीही वाटते. अनेक घरांत अशा भावंडाला काही महिने आजोळी किंवा काकांकडे ठेवले जाते. त्याची शाळा बदलते. मात्र त्याच्याविषयी कोणी काळजीने विचारीत नाही, कारण त्याला काही झालेले नसते.

तिसरी बाब पैशाची. चित्रपट आला त्या काळी ग्रामीण गरीब कुटुंबाला शहरातील उपचारांसाठी समाजसेविकेची खटपट, विश्वस्त संस्थांची मदत आणि उसनवारी यांचाच मुख्य आधार होता. त्यानंतर परिस्थितीत काही बदल झाले. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार २००६ पासून राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवणे बंधनकारक झाले. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. मुंबईत २००६ साली सुरू झालेल्या सेंट ज्यूड संस्थेने कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांसाठी विनामूल्य निवासाची सोय उभी केली. या शेवटच्या उदाहरणातून एक वास्तव अधोरेखित होते. उपचार मोफत मिळाले तरी कुटुंबाने राहावयाचे कोठे, खावयाचे काय आणि गावाकडची शेती किंवा मजुरी कोणी करावयाची, हे प्रश्न सुटत नाहीत. अनेक कुटुंबे उपचार अर्धवट सोडून परततात, त्यामागे अज्ञानापेक्षा हा व्यवहारच अधिक असतो. ‘श्वास’मध्ये गरिबी जाणवते; पण तिचा हिशेब मांडला जात नाही.

प्रत्येक कलाकृतीने सर्व काही मांडावे अशी अपेक्षा करणे योग्य नाही, हा आक्षेप येथे घेतला जाईल. तो रास्त आहे. परंतु येथे प्रश्न वगळण्याचा नसून वगळल्यामुळे होणाऱ्या परिणामाचा आहे. आई, भावंडे आणि पैसा बाजूला ठेवल्यामुळे आजोबांचे प्रेम निर्भेळ राहू शकते. आजारी मुलाच्या घरातील प्रेम सहसा इतके निर्भेळ नसते. त्यात थकवा असतो, चिडचिड असते, ‘आपल्याच वाट्याला का?’ हा राग असतो. या मिश्र भावनांसह टिकून राहणे हे त्या प्रेमाचे खरे बळ असते.

७. दोन तुलना

ही मर्यादा अधिक स्पष्ट व्हावी म्हणून दोन चित्रपटांचा थोडक्यात उल्लेख आवश्यक वाटतो. संजय सूरकर दिग्दर्शित ‘चौकट राजा’ (१९९१) या चित्रपटातील नंदू (दिलीप प्रभावळकर) याला बालपणी झालेल्या अपघातामुळे बौद्धिक अपंगत्व आले आहे. तेथे आजार नव्हे तर अपघात आहे. परंतु त्यानंतरची वर्षे दिसतात. सुलभा देशपांडे यांनी साकारलेल्या आईने त्या मुलाला सांभाळण्यात आयुष्य घालविले आहे. ‘माझ्यामागे याचे काय?’ ही तिची चिंता अशा असंख्य आयांची चिंता आहे. ‘श्वास’ जेथे थांबतो त्याच्या कितीतरी पुढचा काळ ‘चौकट राजा’ला दिसतो.

शोनाली बोस दिग्दर्शित ‘द स्काय इज पिंक’ (२०१९) हा हिंदी चित्रपट जन्मतः रोगप्रतिकारशक्तीचा गंभीर अभाव असलेल्या आयेशा चौधरी हिच्या कुटुंबाच्या सत्यकथेवर आधारलेला आहे. याच विकाराने एक मूल आधीच गमावलेले हे दांपत्य उपचारांसाठी लंडनला जाते. दीर्घकाळ दोघे दोन देशांत राहतात. मोठ्या मुलाचे बालपण या धावपळीत विभागले जाते. मुलीच्या आजारावर जणू आई-वडिलांचा विवाह तोलला जात असतो. काळजी करण्याच्या दोघांच्या पद्धती भिन्न असल्यामुळे त्यांच्यात दुरावा येतो. हे कुटुंब ‘श्वास’मधील कुटुंबाहून आर्थिक आणि सामाजिक दृष्ट्या फारच सुस्थित आहे, आणि तो चित्रपट काही वेळा सुबकतेच्या आहारी जातो. तरीही मुलाचा आजार हा पती-पत्नी, भावंड आणि घराचा दिनक्रम या सर्वांचा आजार होतो, ही गोष्ट तो पुढे आणतो. ‘श्वास’ एका निर्णयाची कथा सांगतो, तर हे दोन चित्रपट त्या निर्णयानंतर जगावयाच्या वर्षांची.

८. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, ‘श्वास’चा केंद्रवर्ती विषय आजोबा-नातवाचे प्रेम हा नसून आजारी मुलाविषयीच्या सत्याची कुटुंबातील आणि रुग्णालयातील वाटणी हा आहे. दुसरा, आजोबांचे नातवासह निघून जाणे हा त्या सत्यकथनाचाच शब्दांविना केलेला प्रकार असून तो समजला नाही तर चित्रपट केवळ अश्रूंचा विषय बनतो. तिसरा, या प्रश्नावर लक्ष केंद्रित करण्यासाठी आई, भावंडे, पैसा आणि पुढील काळ यांचा जो संकोच केला आहे त्यामुळे कुटुंबावरील परिणामांचे चित्र एकांगी राहते.

चित्रपटाचा शेवट होडीतून परतणाऱ्या मुलावर होतो. प्रेक्षक समाधानाने बाहेर पडतो, कारण मूल वाचलेले आहे. परंतु किनाऱ्यावर उतरल्यानंतर त्या घरात काय घडते याचा विचार करून पाहावा. अंगणातल्या पायऱ्या कोण मोजून दाखवील? गावच्या शाळेत त्याला प्रवेश राहील, की अंध मुलांच्या दूरच्या निवासी शाळेत पाठवावे लागेल? ठरावीक काळाने तपासणीसाठी पुन्हा शहर गाठावे लागेल, त्याचे भाडे कोठून येईल? आईला तो पहिल्यांदा चष्म्याविना दिसेल तेव्हा ती काय करील? आजाराने बदललेले कुटुंबजीवन येथून पुढे सुरू होते.

अनेक महाविद्यालयांत हा चित्रपट साहित्य, समाजकार्य आणि मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दाखविला जातो. दाखविल्यानंतर होणारी चर्चा बहुधा ‘भावना किती प्रभावीपणे व्यक्त झाल्या’ येथवर येऊन थांबते. ती एक पाऊल पुढे नेणे शक्य आहे. चित्रपटात नसलेल्या आईच्या दृष्टिकोनातून हीच कथा विद्यार्थ्यांना लिहावयास सांगता येईल. संमतीपत्राचा अर्थ डॉक्टर, आजोबा आणि मूल या तिघांच्या बाजूने मांडावयास सांगता येईल. आपल्या वर्गांत अशी मुलेही बसलेली असतात ज्यांच्या घरी एखादे भावंड दीर्घकाळ आजारी आहे आणि ज्यांच्या गैरहजेरीमागचे कारण आपण कधी विचारलेले नसते. ‘श्वास’ची चर्चा त्यांच्यापर्यंत पोचली, तर या चित्रपटाने उपस्थित केलेला ‘कोणी सांगावे?’ हा प्रश्न ‘कोणी विचारावे?’ या रूपात आपल्यापुढेही उभा राहील.